अवजड लष्करी ट्रकच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लष्करातून निवृत्त झालेला ६×६ (सहाही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारा) ट्रक घेणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न इंजिनाबद्दल असतो आणि दुसरा हवेबद्दल. पहिल्याचं उत्तर मॅन्युअलमध्ये सापडतं. दुसऱ्यावर मात्र प्रत्येक जण आपला एक आकडा सांगतो आणि तो ठामपणे सांगतो. खरं तर हवेचा दाब हा ट्रकचा गुणधर्मच नाही. त्या दिवशी चाकावर वजन किती आहे, वेग किती ठेवणार आहात आणि खाली जमीन कसली आहे, या तिन्हींवर तो ठरतो. यातलं एक जरी बदललं तरी आकडा बदलतो. खालची उत्तरं त्याच क्रमाने लिहिली आहेत.

टायरच्या बाजूवर दाब छापलेला असतो. तेवढी हवा भरली की झालं ना?

नाही. तो आकडा म्हणजे टायर कमाल भार उचलताना लागणारा दाब, तोही टायर थंड असताना मोजलेला. तुमच्या चाकावर कमाल भाराच्या निम्मंच वजन असेल तर तेवढी हवा भरून तुम्ही टायरचा दगड करता.

त्याच जागी आणखी एक उपयोगी खूण असते, तिच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. उदाहरणार्थ ‘१६४/१६० जे’. पहिला अंक एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी (एकाच बाजूला शेजारी-शेजारी बांधलेली दोन चाकं). भार निर्देशांक १६४ म्हणजे ५,००० किलो, १६० म्हणजे ४,५०० किलो. अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: एफ म्हणजे ताशी ८० किलोमीटर, जी म्हणजे ९०, जे म्हणजे १००, के म्हणजे ११०. ही खूण वहीत उतरवून ठेवा, पुढच्या हिशोबाला लागेल.

आणि डॅशबोर्डवरच्या पाटीवरचे आकडे? ते तर लष्करानेच दिलेत.

दिलेत, पण दोन गृहीतकांवर. एक, ट्रक पूर्ण भरलेला आहे. दोन, टायर मूळचेच आहेत. तुमच्याकडे दोन्हीपैकी एकही खरं नसण्याची शक्यता मोठी असते.

अमेरिकी एम३५ चं उदाहरण घ्या. त्याला ‘अडीच टनी’ म्हणतात, पण ती भारक्षमता रस्ता सोडून चालण्याची आहे. पक्क्या रस्त्यावर त्याच ट्रकला ५ टनांपर्यंतची मुभा होती. म्हणजे पाटीवरचा आकडा वाचताना तो कोणत्या भारासाठी आहे हेही वाचायला हवं. शिवाय एम३५ए२ मूळच्या ९.००-२० च्या दहा टायरवर चालायचा, आणि एम३५ए३ करताना त्याला १४.५आर२० चे सहा एकेरी टायर लावले. आज अनेक मालक ९.००-२० काढून ३९५/८५आर२० किंवा १४.००आर२० लावतात आणि हवा मात्र जुन्या पाटीप्रमाणे भरतात. टायर बदलला त्या दिवशी त्या पाटीचा हवेपुरता संबंध संपला.

टायर मूळच्याच मापाचे असतील तर पाटी हा चांगला आरंभबिंदू आहे. तिच्यावर बहुधा तीन ओळी असतात: पक्का रस्ता, कच्चा मुलूख, आणि वाळू-चिखल-बर्फ. या तीन आकड्यांमधलं प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं असतं.

वजन कसं काढायचं?

वजनकाट्यावर. एकूण वजनाची पावती पुरेशी नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण ट्रक, मग फक्त मागचे दोन एक्सल. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा. मागचे दोन एक्सल एकत्र तोलले तर निम्मं-निम्मं धरायला हरकत नाही, कारण बहुतेक ६×६ ट्रकचं मागचं सस्पेन्शन भार दोघांत वाटून घेतं.

ट्रक रोज जसा चालतो तसाच तोला: टाक्या भरलेल्या, सुटं चाक जागेवर, अवजारं पेटीत, माणसं बसलेली. मागे घर बांधलं असेल तर पाण्यासकट. एका बाजूला क्रेन, मोठी टाकी किंवा जनरेटर असेल तर शक्य असल्यास डावी-उजवी बाजू वेगळी मोजा. दोन बाजूंत फरक निघाला तर जड बाजूचा आकडा धरा आणि त्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना तोच दाब ठेवा. डावीकडे वेगळी आणि उजवीकडे वेगळी हवा भरून ट्रक सरळ करायचा प्रयत्न करू नका, ब्रेक मारताना त्याची किंमत मोजावी लागते.

वजन कळलं. आता आकडा कसा काढू?

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे टायर बनवणाऱ्या कंपनीचा भार-दाब तक्ता. प्रत्येक मोठी कंपनी तो छापते. डाव्या रकान्यात टायरचं माप, वर दाब, आत किलो. आपला भार शोधायचा, वरचा दाब वाचायचा.

तक्ता हाताशी नसेल तर सरळ प्रमाणाने अंदाज निघतो. समजा टायर ७ बारला (बार हे दाबाचं एकक) ४,५०० किलो उचलतो आणि तुमच्या चाकावर २,७०० किलो आहेत. २,७०० भागिले ४,५०० म्हणजे ०.६. त्याला ७ ने गुणा: ४.२ बार. खरा तक्ता याहून थोडा कमी आकडा दाखवेल, कारण टायरची भार पेलण्याची ताकद दाबाच्या अगदी सरळ प्रमाणात वाढत नाही, किंचित कमी वेगाने वाढते. म्हणून कमाल भाराखालच्या पट्ट्यात सरळ प्रमाणाचा अंदाज सुरक्षित बाजूला चुकतो. त्यावर आणखी दहाएक टक्के चढवा: गेज थोडं चुकीचं असतं, वजन नंतर वाढतं, हवा हळूहळू उतरते. या उदाहरणात पक्क्या रस्त्यासाठी ४.६ बार.

दोन बंधनं. तक्ता जिथे संपतो त्याखाली हिशोब नेऊ नका. रिकाम्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांचा हिशोब कधीकधी हास्यास्पद कमी येतो, तेव्हा तक्त्यातला सर्वांत खालचा दाब घ्या. आणि रिमवरही कमाल दाब लिहिलेला असू शकतो. टायर आणि रिम यांत जो आकडा लहान, तो तुमची वरची सीमा.

पुढच्या आणि मागच्या एक्सलचे आकडे वेगळे निघाले तर ते वेगळेच ठेवा. रिकाम्या ट्रकला पुढे जास्त आणि मागे कमी हवा लागणं अगदी सामान्य आहे.

बार, पीएसआय, केपीए… कोणता आकडा कुणाचा?

१ बार म्हणजे १४.५ पीएसआय, म्हणजेच १०० किलोपास्कल. जुन्या रशियन ट्रकच्या पुस्तकात किलो प्रति चौरस सेंटिमीटर दिसेल, ते जवळजवळ बारइतकंच.

जास्त हवा असली तर टायर कमी झिजतो असं म्हणतात. मग भरून ठेवायला काय हरकत आहे?

टायरचा मधला पट्टा झिजतो, कडा तशाच राहतात. ब्रेक लावताना रिकामा मागचा भाग उड्या मारतो आणि चाकं लवकर अडकून घसरतात. या ट्रकच्या पाट्याच्या स्प्रिंगा आधीच कडक असतात, त्यात टायरही वाकायला तयार नसला की सगळा धक्का चासी, रेडिएटरचे आधार आणि तुमचा मणका यांच्या वाट्याला येतो. गाडी हलकी पळते आणि स्टेअरिंग सोपं होतं, हे खरं आहे. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या ट्रकमध्ये लोक नेमके यासाठीच पुढे जास्त हवा ठेवतात. थोडी जास्त ठेवली तर समजण्यासारखं आहे, टायरवरच्या कमाल आकड्यापर्यंत नेणं नाही.

आणि कमी हवेने नक्की काय होतं? फक्त झीज?

झीज हा सगळ्यात स्वस्त तोटा आहे. खरा शत्रू उष्णता. टायर फिरतो तेव्हा जमिनीला टेकलेला भाग दर फेरीला दबतो आणि पुन्हा सुटतो. या दबण्या-सुटण्यात थोडी ऊर्जा रबरात उष्णता होऊन राहते. हवा कमी तर दबणं जास्त. वेग जास्त तर दर मिनिटाला फेऱ्या जास्त. दोन्ही एकत्र आले की उष्णता बाहेर पडण्यापेक्षा जलद साठते, आणि लष्करी टायरचं रबर इतकं जाड असतं की आतली उष्णता हाताला बाहेरून कळतच नाही. मग थर सुटतात, किंवा बाजूतल्या तारा थकतात.

म्हणूनच कमी दाब आणि कमी वेग ही जोडी आहे. दीड बारवर ताशी २० किलोमीटरने वाळू ओलांडणं हा टायरचा नेहमीचा उद्योग. त्याच दीड बारवर ताशी ८० ने हमरस्त्यावर अर्धा तास चालवलं तर टायर त्याच दिवशी फुटेलच असं नाही. तो आतून जखमी होईल आणि पुढे कधीतरी, पुन्हा पूर्ण हवा भरताना फुटेल. या प्रकाराबद्दल खाली वेगळं लिहिलंय, ते वगळू नका.

वाळूत, चिखलात, दगडांवर किती हवा ठेवू?

आधी एक हिशोब. टायर जमिनीवर जेवढा दाब टाकतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो, टायरच्या स्वतःच्या कडकपणामुळे थोडा जास्त. चाकावर २,५०० किलो असतील तर ५ बारला टेकलेली जागा साधारण ४९० चौरस सेंटिमीटर. २ बारला तीच १,२२५ च्या आसपास. वजन तेवढंच, पाय अडीचपट मोठा. आणि रेडियल टायरमध्ये (आतल्या तारा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडव्या असलेल्या) ही वाढ मुख्यतः लांबीत होते, रुंदीत कमी. ही गोष्ट चांगली आहे: लांब पाऊल मऊ जमिनीत कमी रुततं, आणि समोर ढकलावी लागणारी मातीची भिंत रुंद होत नाही.

हातात तक्ता नसेल तर ही प्रमाणं धरून सुरुवात करा. तुमच्या भारासाठी काढलेला रस्त्याचा दाब म्हणजे शंभर टक्के. खडीचा आणि खाचखळग्यांचा कच्चा रस्ता: ६५ ते ७० टक्के, वेग ताशी ६० च्या आत. वाळू, खोल चिखल, खोल बर्फ: ३५ ते ४० टक्के, वेग २० च्या आसपास. अडकलात आणि निघायचंच आहे: २५ टक्के, चालण्याच्या वेगाने, वळण न घेता, आणि बाहेर आल्याबरोबर हवा भरायची. ही सुरुवात आहे, कायदा नव्हे. टायर कंपनीने त्या मापासाठी वाळूचा दाब दिला असेल तर तो यापेक्षा वरचढ.

आकड्यापेक्षा डोळ्यांना दिसणारी खूण मला जास्त भरवशाची वाटते. चाकाच्या वरच्या टोकाला रिमच्या कडेपासून नक्षीच्या पृष्ठापर्यंतचं अंतर मोजा, मग खाली रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं. वर ३३ सेंटिमीटर असताना खाली २५ उरले तर टायर चतुर्थांश दबलाय. रेडियल टायरला मऊ जमिनीवर, अगदी हळू वेगात, तिथवर नेता येतं. त्याच्या पलीकडे काही मिळत नाही, फक्त बाजू चिरडते.

जमिनीप्रमाणे थोडा फरक:

वाळूत शिरण्याआधी हवा काढा. रुतल्यावर काढलेल्या हवेचा उपयोग अर्धाच, कारण तोवर चाकांनी आपापला खड्डा खणलेला असतो.

चिखल दोन प्रकारचा. वर चार बोटं चिखल आणि खाली कडक थर असेल तर हवा फार कमी करू नका, नक्षीच्या गोट्यांना खालचा थर पकडू द्या. तळ लागतच नसेल तर मात्र वाळूसारखं वागा. कमी हवेचा टायर दबताना-सुटताना गोट्यांमधला चिखलही झटकतो.

दगडांवर मधला मार्ग. थोडी हवा काढली की नक्षी टोकदार दगडाला गुंडाळून घेते, भोसकून घेत नाही. जास्त काढली की बाजू फुगून बाहेर येते, आणि या टायरची बाजू कितीही जाड असली तरी कापलेली बाजू दुरुस्त होत नाही.

पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या खडीच्या रस्त्यावर कमी दाबाचा फायदा ट्रकलाही होतो आणि रस्त्यालाही. अमेरिकी वनखात्याने लाकूड वाहणाऱ्या ट्रकवर याचा बराच अभ्यास केला. दाब कमी ठेवला की अशा लाटा कमी पडतात आणि रस्ता जास्त टिकतो.

चालकाच्या जागेवरून हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा कितपत कामाची?

फार कामाची, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धातल्या डीयूकेडब्ल्यू (‘डक’) या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या सहाचाकी गाडीत प्रत्यक्षात आली. किनाऱ्यावरच्या वाळूत उतरताना हवा कमी, पुढे रस्त्यावर लागताना पुन्हा जास्त, आणि सगळं केबिनमधून. सोव्हिएत झिल-१५७, झिल-१३१ आणि उरल-३७५ मध्येही ती होती. अमेरिकी एम९३९ए२ आणि नंतरचे एफएमटीव्ही ट्रक सीटीआयएस नावाने तीच यंत्रणा घेऊन आले. एफएमटीव्हीच्या पॅनेलवर चार बटणं दिसतात: हमरस्ता, कच्चा मुलूख, चिखल-वाळू-बर्फ, आणि आणीबाणी.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की त्या बटणांमागचे दाब मूळ टायर आणि मूळ भारासाठी बसवलेले आहेत. मागचा डबा काढून हलकं घर बसवलं असेल तर ‘हमरस्ता’ बटण तुमच्यासाठी जास्त हवा भरत असेल. शिवाय यंत्रणा जुनी झाली की हबमधली सीलं गळायला लागतात, आणि कॉम्प्रेसर गुपचूप भरत राहतो म्हणून गळती कळत नाही. महिन्यातून एकदा यंत्रणा बंद करून, प्रत्येक चाक हाताने गेज लावून मोजा. हवेचे ब्रेक त्याच कॉम्प्रेसरवर चालतात. ब्रेकच्या टाकीला आधी हवा मिळावी म्हणून लावलेला व्हॉल्व चालू आहे ना, ते यंत्रणा दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्या.

मागे जोडचाकं आहेत. त्यांच्यासाठी वेगळं काही?

हो. दोन्हींत दाब सारखा हवा. एकात कमी असेल तर त्याचा व्यास किंचित लहान होतो, दुसरा जास्त भार उचलतो आणि दोघं एकमेकांना घासटत फिरतात, कारण ती एकाच हबवर बांधलेली आहेत. आतल्या चाकाचा व्हॉल्व गाठायला त्रासाचा असतो, म्हणून तेच चाक वर्षानुवर्षं मोजलं जात नाही. नळी वाढवून व्हॉल्व बाहेर आणा.

जोडचाकांची हवा खूप कमी करता येत नाही. बाजू फुगल्या की एकमेकींना टेकतात आणि घासून जळतात. दोघांमध्ये अडकलेला दगडही अशाच वेळी बाजू फाडतो. वाळूत वारंवार जायचं असेल तर एकेरी मोठे टायर लावण्याचं हे एक खरं कारण आहे, बाकी बरीचशी हौस.

ऊन, थंडी आणि उंची यांनी आकडा बदलतो का?

बदलतो. ४.५ बार भरलेल्या टायरमध्ये तापमान १० अंश सेल्सिअसने घसरलं की साधारण ०.२ बार कमी होतात, ७ बारला पाव बारहून थोडे जास्त. म्हणून सगळे आकडे थंड टायरचे असतात: ट्रक निदान तीनचार तास उभा, चाकांवर ऊन नाही.

चालवून तापलेल्या टायरमध्ये दाब दहा ते पंधरा टक्के चढणं स्वाभाविक आहे. ती हवा काढू नका. काढलीत तर टायर थंड झाल्यावर कमी हवेचा होईल आणि उद्या आणखी तापेल.

उंच घाटात हवा पातळ होते म्हणून गेज थोडं जास्त दाखवतं, समुद्रसपाटीवरून ३,००० मीटरवर गेलात तर ०.३ बारच्या आसपास. पण वर थंडीही असते आणि ती जवळजवळ तेवढंच खाली खेचते. मुक्कामी पोचल्यावर सकाळी एकदा मोजा, तेवढं पुरतं.

खडूची रेघ मारून बघायची युक्ती खरी आहे का?

नक्षीवर आडवी खडूची रेघ मारायची, सपाट कडक जमिनीवर थोडं सरळ चालवायचं, रेघ कुठे पुसली ते बघायचं. मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. जुन्या बायस (आतले धागे तिरपे असलेल्या) टायरवर ही युक्ती बऱ्यापैकी चालते. रेडियल टायरचा पट्टा मात्र मोठ्या पल्ल्यात सपाटच टेकतो, त्यामुळे खडू ‘सगळं छान’ म्हणत राहतो आणि टायर आत तापत राहतो.

रेडियलसाठी तापलेल्या दाबाची चाचणी बरी. सकाळी थंड दाब लिहा. नेहमीच्या भाराने, नेहमीच्या वेगाने तासभर चालवा आणि थांबल्याबरोबर पुन्हा मोजा. चढ पंधरा टक्क्यांच्या बराच वर गेला तर टायर जास्त दबतोय: थंड दाब वाढवा, वेग कमी करा किंवा ओझं उतरवा. पाच टक्केसुद्धा चढला नाही तर हवा गरजेपेक्षा जास्त असावी. सगळ्या चाकांत एकच वेगळं वागत असेल तर हवेआधी त्या चाकाचा ब्रेक आणि बेअरिंग बघा.

हातोडीने ठोकून कळतं की!

पूर्ण बसलेला टायर कळतो. एक-दीड बार कमी असलेला कळत नाही, कितीही मुरलेला कान असो.

गेज कोणतं घ्यावं?

दोन घ्या. डायल गेजची चूक सहसा पूर्ण पट्टीच्या टक्क्यात सांगतात. १० बारच्या गेजमध्ये दोन टक्के चूक म्हणजे ०.२ बार. ती ५ बारला चालून जाईल, पण १ बारला पाचवा हिस्सा झाली. रस्त्यासाठी एक मोठं आणि वाळूसाठी ४ बारपर्यंतचं एक, असं ठेवा.

कमी हवेत चाललेल्या टायरमध्ये नुसती हवा भरून निघालं तर?

इथे जीव जातो, म्हणून सावकाश वाचा.

टायरमधला दाब ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याखाली गेला असताना तो रस्त्याच्या वेगाने चालवला असेल तर त्याला ‘हवेविना चाललेला’ समजतात. तो जागच्या जागी फुगवायचा नाही. व्हॉल्वची पिन काढून पूर्ण रिकामा करायचा, चाक उतरवायचं, टायर रिमवरून काढून आतून तपासायचा. कारण बाजूतल्या पोलादी तारा दुमडून थकलेल्या असतात. पुन्हा दाब चढताना एक तुटते, तिचा भार शेजारची घेते, तीही तुटते, आणि बाजू चेन उघडावी तशी क्षणात फाटते. भरताना टायरमधून तटतट आवाज आला किंवा बाजूला फुगा दिसला तर हवा तोडा आणि लांब व्हा. पुन्हा जवळ जाऊन बघू नका.

वाळूत ठरवून दाब कमी केला होता आणि हळू चाललात, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा बाहेर येऊन भरायला हरकत नाही.

हवा भरताना कायम अडकणारा चिमटा लावलेली लांब नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला गेज असू द्या. तुम्ही टायरच्या बाजूसमोर किंवा तिच्या रेषेत नको, नक्षीच्या दिशेला आणि लांब. रिमवर नव्याने बसवलेला टायर लोखंडी सुरक्षा-पिंजऱ्यातच भरायचा.

रिमच्या रिंगबद्दल सगळे घाबरवतात. खरंच एवढं धोक्याचं आहे?

आहे. २० इंची लष्करी चाकांत बऱ्याचदा रिम अनेक तुकड्यांचा असतो आणि टायर एका लोखंडी रिंगने जागेवर धरलेला असतो. रिंग नीट बसली नसेल, गंजली असेल किंवा दुसऱ्याच जातीच्या रिमची असेल, तर हवा भरताना ती तोफगोळ्यासारखी सुटते. दाब असताना रिंगवर हातोडी मारून ती ‘बसवणं’ हा मृत्यूचा सर्वांत जुना मार्ग. चाकाचे नट सैल करण्याआधी टायर रिकामा करा. जोडचाकात आतलं आणि बाहेरचं, दोन्ही.

नव्या लष्करी चाकांत आणखी एक सापळा आहे. रिमचे दोन अर्धे भाग नटांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि चाक हबला वेगळ्या नटांनी लागतं. नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतलं वर्तुळ हबचं, बाहेरचं रिमचे अर्धे भाग जोडणारं. हवा भरलेली असताना बाहेरचे नट सोडले तर चाक तुमच्या अंगावर उघडतं. बाहेरच्या नटांना लाल रंग द्या. ट्रक दुसऱ्या कुणाच्या हाती गेला तरी रंग बोलेल.

आणि टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग कधीही नाही, टायर रिकामा असला तरी नाही.

आत बीडलॉक (टायरची कड रिमला धरून ठेवणारं कडं) आहे. मग हवा आणखी कमी करता येते?

टायर रिमवरून निसटणार नाही, एवढीच त्याची हमी. उष्णता आणि बाजूचं दुमडणं तेवढंच राहतं. बीडलॉक नसलेल्या चाकाला मात्र एक बारच्या खाली जाताना जपा, विशेषतः आडव्या उतारावर आणि वळताना.

पावसात जास्त हवा बरी की कमी?

पुरेशी. पाण्याच्या थरावर चाक तरंगायला लागतं तो वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. नासाच्या प्रयोगांतून आलेलं जुनं सूत्र: पीएसआयचं वर्गमूळ गुणिले १०.३५, उत्तर ताशी मैलांत. ६० पीएसआयला ते ताशी १२९ किलोमीटर येतं, २५ पीएसआयला फक्त ८३. वाळूतून आलेला ट्रक हवा न भरता ओल्या हमरस्त्याला लागला तर काय होईल, ते यावरून दिसतं. रिकामा ट्रक या सूत्रापेक्षा आधी तरंगू शकतो, कारण भार नसला की टेकलेल्या जागेचा आकार आखूड आणि रुंद होतो.

नायट्रोजन भरावा का?

गरज नाही. साध्या हवेतही जवळपास ७८ टक्के तोच असतो. पैसे कोरड्या हवेवर खर्च करा: कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा, सीटीआयएस असेल तर जास्तच.

परत हवा भरायला कॉम्प्रेसर केवढा हवा?

१४.००आर२० टायरच्या आत ढोबळमानाने २५० ते ३०० लिटर जागा असते. १.५ वरून ४.५ बारला नेताना प्रत्येक टायरला सुमारे ८०० लिटर मोकळी हवा लागते, सहा चाकांना पाच हजारांच्या आसपास. मिनिटाला १५० लिटर देणारा कॉम्प्रेसर अर्ध्या तासाहून जास्त घेतो. मोटारगाडीचा खिशातला पंप इथे दमेल आणि जळेल. बहुतेक ट्रकला ब्रेकसाठी कॉम्प्रेसर असतोच, त्याच्या टाकीवरून नळी काढायची सोय बघा. हा वेळ आधी माहीत असला की माणूस ‘थोडंच तर जायचंय’ म्हणत कमी हवेत रस्त्याला लागत नाही.

टायर नव्यासारखे दिसतात, पण जुने आहेत. चालतील?

बाजूवर डीओटीने सुरू होणाऱ्या खुणेचे शेवटचे चार अंक बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर तो टायर २००० च्या आधीचा. लष्करी टायर झिजून नाही, उभ्याउभ्या म्हातारे होतात. गोट्या पूर्ण उंच आणि बाजूला बारीक भेगा, हे नेहमीचं चित्र. अनेक कंपन्या दहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. जुना टायर शेतात, हळू, कमी भाराने वापरणं वेगळं. पुढच्या एक्सलवर लावून हमरस्त्यावर नेणं वेगळं, आणि तिथे योग्य दाबही त्याला वाचवणार नाही.

ट्रक महिनोन्‌महिने उभा राहणार आहे. हवा कमी करून ठेवू का?

उलट. रस्त्याचा पूर्ण दाब ठेवा, म्हणजे टेकलेली जागा लहान राहील आणि चपटा डाग कमी पडेल. जमलं तर एक्सलखाली भक्कम आधार देऊन चाकांवरचा भार काढा. नाही जमलं तर महिन्याकाठी ट्रक अर्धा फेरा पुढे-मागे हलवा. व्हॉल्ववर धातूची टोपी लावा, प्लास्टिकची उन्हात फुटते. आणि पुन्हा काढताना पहिला अर्धा तास हळू चालवा, मग थांबून सगळी चाकं मोजा.